आधी बघणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

प्रिय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोर आल्यावर तुमच्याशी बोलायला वेळ कुठे मिळतो? बाहेर बाकावर मुलं घेऊन बायका बसलेल्या असतात, तुमची नजर पुढच्या केसपेपरवर असते आणि आम्हाला परतीची एसटी गाठायची असते. म्हणून हे खुलं पत्र. आमच्यासारख्या आणखी आईबापांच्या वाचनात ते आलं तर मला आनंदच होईल.

आमची लेक तिसाव्या आठवड्यात जन्मली, सव्वा किलोची. पेटीतून घरी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, संकट टळलं. वर्षाची झाली तरी बसेना. एका ठिकाणी सांगितलं, कमी दिवसांची आहे, चालेल उशिरा, वाट बघा. मग अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची, गाडी आली. त्यातल्या डॉक्टरांनी तिचे पाय हलवून बघितले आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या तुमच्या केंद्राची, चिठ्ठी लिहून दिली. तेव्हा ती दोन वर्षांची होत आली होती.

त्या दिवशी मला वाटलं होतं, आत गेल्यावर लगेच व्यायाम सुरू होतील. तुम्ही कितीतरी वेळ तिला हातच लावला नाहीत. माझ्या मांडीवरून तिला गादीवर उतरवायला सांगितलंत, थोड्या अंतरावर एक लाल पेला ठेवलात आणि बाजूला बसून बघत राहिलात. ती कोपरांवर जोर देऊन सरकत पेल्याकडे गेली. पाय मागे नुसते ओढले जात होते, एकमेकांवर चढत होते. पेला हातात आल्यावर दोन्ही पाय बाहेर फाकवून त्यांच्यामध्ये बसली. तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत. मला विचारलंत, घरी अशीच बसते का, जेवताना कुठे बसवता, झोपताना पाय कसे असतात. आधी आम्ही दाखवलं होतं तिथे एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते.

मग तिचं पाऊल हातात घेतलंत. आधी अगदी सावकाश वर नेलंत, ते बरंच वर गेलं. नंतर तेच पाऊल झटकन नेलंत, तर मध्येच अडकलं आणि थरथरलं. दोन्ही वेळा दुमडत्या पट्टीने कोन मोजलात आणि मला जवळ बोलावून म्हणालात, “हळू नेल्यावर जिथपर्यंत जातं ती स्नायूची खरी लांबी. झटक्यात जिथं अडकतं तो ताठरपणा. या दोन मापांत अंतर आहे तोवर आपल्या हातात बरंच काही आहे. स्नायू आखूडच झाला की अंतर उरत नाही.” तेव्हापासून दर भेटीला मी ती दोन मापं वहीत उतरवून घेते.

कारणही तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, पायांकडे जाणारे तंतू त्यांना लागून जातात आणि हातांचे जरा बाहेरून. कमी दिवसांच्या बाळात नेमकी तीच जागा नाजूक असते, म्हणून हात बरे आणि पाय ताठ. वयाचा हिशोबही मांडलात. अडीच महिने आधी जन्मली, तर अडीच महिने वजा करायचे. आधाराशिवाय बसणं बहुतेक मुलांना नवव्या महिन्यापर्यंत जमतं, एकट्यानं चालणं साडेसतराव्यापर्यंत. “वजा करूनही जुळत नाही. हा नुसता उशीर नाही, सेरेब्रल पाल्सी आहे, मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारा दोष.” आणि मग सासूबाईंकडे वळून तुम्ही म्हणालात, हिनं गरोदरपणात काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाळलं नाही, याचा यात काही संबंध नाही. मॅडम, त्या एका वाक्यानं माझं घरातलं जगणं बदललं. त्याचे आभार मी आजवर मानले नव्हते.

सासूबाईंना तुम्ही दुखावलंही नाहीत. त्या रोज तेल लावून पाय चोळायच्या आणि मालिश बंद करायला सांगणार म्हणून घाबरल्या होत्या. तुम्ही म्हणालात, “चोळा की, तिला बरं वाटतं. पण त्यानं ताठरपणा जाणार नाही. तिला पाटावरून उठवायचं आणि बसवायचं काम आजीकडे.” ताठ स्नायूंना जोर लावायला दिला तर ते आणखी ताठ होतात असं पूर्वी मानायचे, तसं होत नाही, हेही समजावलंत. तेव्हापासून आमच्या घरी चपात्या होईपर्यंत आजी आणि नात पाटावर असतात. आजी मोठ्यानं आकडे म्हणते आणि नात मुद्दाम एखादा आकडा गाळते.

चालेल का, हा प्रश्न मी विचारला तेव्हा तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. दोन वर्षांच्या आत पक्कं सांगता येत नाही म्हणालात, काही महिन्यांनी पुन्हा सगळं तपासलंत आणि मग अशा मुलांच्या हालचालींचा पाच पातळ्यांचा तक्ता समोर ठेवलात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी १९९७ साली तयार केलेला, जगभर हाच वापरतात, असं सांगितलंत. आमची तिसरी पातळी. “वॉकर धरून चालेल, घरात, शाळेत. लांबच्या अंतराला खुर्ची लागेल. हाताने काही न धरता चालेल असं मी म्हणणार नाही.” मी रडले. तुम्ही रडू दिलंत. नंतर सांगितलंत की अशा मुलांची बसणं, उभं राहणं, चालणं शिकण्याची बहुतेक ताकद पाच वर्षांच्या आतच वापरली जाते, म्हणून आत्ताचा काळ खोट्या आशेवर घालवायचा नाही.

आम्हाला स्टेम सेलचा, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराचा, सल्ला मिळाला होता, खर्च लाखांत. तिचे बाबा शेत गहाण टाकायला निघाले होते. तुम्ही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवलीत. रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज ही पद्धत नेहमीचा उपचार म्हणून मान्य नाही, सेरेब्रल पाल्सीसाठी तर नाहीच. आमची जमीन आज आमच्याकडे आहे ती तुमच्यामुळे.

पोटरीत बोटॉक्स, म्हणजे ताठ स्नायू सैल करणारं इंजेक्शन, द्यायचं ठरलं तेव्हाही तुम्ही आधीच बजावलंत की त्याचा असर तीन-चार महिने राहतो आणि खरं काम त्या महिन्यांतच करायचं असतं. प्लास्टर, मग पाऊल सरळ धरून ठेवणारा स्प्लिंट, मग उठबस. खुब्याच्या एक्सरेचं मला सुरुवातीला कळत नव्हतं. दुखत नाही, खुपत नाही, मग दरवर्षी कशाला? तुम्ही फिल्म उजेडावर धरून दाखवलंत, हाडाचा गोळा वाटीच्या किती बाहेर सरकलाय. तीस टक्क्यांच्या पुढे गेला की सावध व्हायचं, आणि दुखायला लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ज्यांची मुलं अशी आहेत त्यांना मी आता पहिलं हेच विचारते, खुब्याचा एक्सरे काढलाय का?

पण सगळ्यात जास्त आभार एका प्रश्नाचे. पहिलीत नाव घातलं तेव्हा तुम्ही मला बाजूला ठेवून तिलाच विचारलंत, “तुला काय जमायला हवंय गं?” मला वाटलं, ती पळायचं म्हणेल. ती म्हणाली, “राष्ट्रगीताला उभं राहायचंय. सगळे उभे असतात, मी एकटीच खाली.” तुम्ही तेच उद्दिष्ट म्हणून कागदावर लिहिलंत. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, म्हणजे ५२ सेकंद, वॉकरला धरून, मागून कुणी न पकडता. सगळा व्यायाम त्या दिशेनं वळला. खिडकीच्या गजाला धरून सराव, मोबाईलवर राष्ट्रगीत लावलेलं. सुरुवातीला दुसऱ्या ओळीलाच गुडघे वाकायचे. तुम्ही स्प्लिंटचे पट्टे बदललेत, वॉकर मागून ओढायचा घ्यायला लावलात, म्हणजे अंग पुढे झुकत नाही. मांडीच्या स्नायूंसाठी पाटाची उंची कमी करत नेलीत. पाय लोंबकळू नयेत म्हणून शाळेतल्या खुर्चीखाली काय हवं तेही चिठ्ठीत लिहून दिलंत. ह्यांनी दोन विटांवर फळी ठोकून पायठाण केलं. हेडमास्तरांनी ते वर्गात ठेवू दिलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तुम्ही सांगितलेलं वाक्य मला म्हणावंही लागलं नाही. यंदाच्या २६ जानेवारीला ती रांगेत उभी होती, शेवटच्या ओळीपर्यंत.

तुमची नेमणूक कंत्राटी आहे हे मला फार उशिरा कळलं. ज्या मुलाला दहा-बारा वर्षं एकाच नजरेनं बघणारं माणूस हवं, त्याच्या फिजिओथेरपिस्टला पुढच्या वर्षी आपण इथे असू का हे माहीत नसावं, हे मला पटत नाही. हे पत्र आरोग्य खात्यातल्या कुणी वाचलं तर त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की आमची दोन मापांची वही तुमच्याच अक्षरात सुरू झालेली आहे.

एक्सरे काढून पुढच्या महिन्यात येतोय. डावा स्प्लिंट लहान झालाय, अंगठा बाहेर येतो, तोही आणते. आणि ती म्हणते, आता तिला शाळेच्या नळावर स्वतः बाटली भरायची आहे. कागद तयार ठेवा.

तुमची कायमची ऋणी,
कृष्णाकाठची एक आई