ते छप्पर दूतावासाचं नव्हे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला व्हिएतनाम सहलीचा लेख वाचला. फोटो झकास. पण सायगाव (आजचं हो चि मिन्ह सिटी) पडताना काढलेल्या, हेलिकॉप्टर आणि शिडीवर चढणाऱ्या माणसांच्या त्या प्रसिद्ध फोटोखाली आपण बेधडक छापलंत, ‘अमेरिकन दूतावासाचे छप्पर’. अहो, ते छप्पर जिया लाँग रस्त्यावरच्या २२ क्रमांकाच्या इमारतीचं! तिथं सीआयएची माणसं राहायची. दूतावास वेगळा, आणि तो तर १९९८ मध्ये पाडलासुद्धा. २९ एप्रिल १९७५ ला तो फोटो काढणारे ह्यूबर्ट व्हॅन एस यांनी नंतर लिहून ठेवलंय, की फोटोखालची ओळ त्यांनी स्वतः बरोबरच पाठवली होती. तेव्हाच्या संपादकांनीच ती नीट वाचली नाही. पन्नास वर्षांची ही परंपरा आपण चालू ठेवलीत, अभिनंदन.

गेल्या वर्षी आम्ही तिथं होतो. सहल कंपनीनं आमची अख्खी सकाळ लॅटेक्सच्या गाद्यांच्या दुकानात घालवली (सौ.नी घेतलेल्या उशीला अजून रबराचा वास येतो). फोटोतल्या जागेबद्दल विचारलं तर ‘कार्यक्रमात नाही’. मग दुपारी दोघंच निसटलो. कॅथेड्रलपासून जेमतेम पाच मिनिटांची चाल, पण फूटपाथवरही स्कूटरी अंगावर येतात. रस्त्याचं नाव आता ली तू ट्रोंग. समोरच्या बाजूनं मान वर केली आणि फोटोत हेलिकॉप्टर ज्यावर दिसतं तो लिफ्टच्या खोलीचा ठोकळा दिसला! ना गर्दी, ना तिकीट.

तसेच चालत बेन थान बाजाराजवळच्या मारिअम्मन मंदिरात गेलो. बांधलं तमिळ व्यापाऱ्यांनी, पण रांगेत उदबत्त्या घेऊन उभे सगळे व्हिएतनामी. दर्शन झालं की भिंतीला कपाळ टेकवून हळूच काहीतरी पुटपुटतात. सौ.नीही टेकवलं. काय मागितलं ते सांगत नाही. आपल्या लेखात या मंदिराला एक ओळ नाही, रूफटॉप बारना मात्र तीन परिच्छेद!

आणि ती चौकट, ‘शिवरायांच्या गनिमी काव्याने व्हिएतनाम जिंकला’! व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर पुरवणीत कधीपासून येऊ लागला? तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून आमच्या सहलीच्या बसमधल्या एका गृहस्थांनी गाइडला महाराजांचा पुतळा कुठे आहे म्हणून विचारलं होतं. तो बिचारा आदबीनं फोनवर शोधत बसला. पाच मिनिटं.

चौकटीचं राहू द्या, फोटोखालची ओळ तरी दुरुस्त करा. आणि दुरुस्ती पान आठवर, राशिभविष्याखाली नको.

– एक जुना वाचक, पुणे