अभ्यासिकेचं वायफाय आणि एक नंबरची मागणी

संपादक महाशय,

परवाच्या अंकात नेट स्लो चालत असेल तर मोठा प्लॅन घ्या असा सल्ला वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचं वायफाय मी बघतो, पगारी नाही, हौसेने. लाइन १०० एमबीपीएसची, अपलोड मात्र २०. पोरं चाळीसेक, त्यात संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू असायचा आणि नेमका तेव्हाच आवाज तुटायचा, सर ऐकू येतंय का, सर ऐकू येतंय का, एक पोरगी तर रडकुंडीला आली. नेट देणाऱ्या कंपनीचा माणूस यायचा, स्पीडटेस्ट दाखवायचा, आकडा बरोबर, आणि वर म्हणायचा प्लॅन वाढवा.

नीट बघितलं तर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढत होतं, पोरांचे मोबाइल फोटोंचा बॅकअप घेत होते, अपलोड पार तुंबलेलं. आता कॉलच्या आवाजाला लागतं किती, १०० केबीपीएसच्या आसपास, पण त्याची पाकिटं (नेटवर डेटा असा छोट्या तुकड्यांत जातो) त्या ढिगाच्या मागे उभी. १ एमबी (म्हणजे ८ मेगाबिट) जरी रांगेत साठला तरी २० एमबीपीएसवर तो निघायला ४०० मिलिसेकंद जातात, आणि आयटीयू, म्हणजे दूरसंचाराचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, म्हणते एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं नीट होतं.

मग प्रायॉरिटीचे रूल, म्हणजे कुणाचा डेटा आधी सोडायचा ते, टाकायला बसलो. आमचा राउटर मायक्रोटिक कंपनीचा, त्यात १ ते ८ नंबर, १ सगळ्यात वरचा. कॉलला १, ब्राउझिंगला ४, बॅकअप नि कॅमेऱ्यांना ८. काडीचा फरक नाही! दोन रविवार गेले. चूक माझीच, वरच्या मुख्य क्यूला (रांगेला) मॅक्स लिमिट, म्हणजे जास्तीत जास्त स्पीडची मर्यादा, दिलंच नव्हतं, मग राउटरला वाटतं लाइन मोकळीच आहे, तो सगळं पुढे ढकलतो आणि रांग लागते नेट कंपनीच्या डब्यात (मोडेममध्ये), तिथे आपले नंबर कोण विचारतंय. लिमिट १८ केलं, खऱ्या स्पीडपेक्षा जरा कमी, तेव्हा कुठे रांग आपल्या दारात आली. (कमिटीतल्या एका काकांनी फैलावर घेतलं, पैसे २० चे भरतो आणि वापरायचे १८ का!) शिवाय फास्टट्रॅक, म्हणजे राउटरमधली डेटा झटपट पुढे सोडायची सोय, चालू राहिला होता, त्यातून जाणारं ट्रॅफिक मार्किंगला (कुठला डेटा कशाचा ही खूण करण्याला) वळसा घालून निघून जातं, रूल नुसते शोभेला.

डाउनलोडची रांग कंपनीच्या बाजूला लागते, तिथे आपला हात पोचत नाही, तरी लिमिट ९० वर ठेवलं की बऱ्यापैकी आवरतं. आणि ज्यांच्या राउटरमध्ये केक किंवा एफक्यू-कोडेल (रांग आपोआप आवरणाऱ्या पद्धती) आहे त्यांना एवढे नंबर वाटत बसायचीही गरज नाही, स्पीड तेवढा बरोबर भरा.

खरी गंमत पुढे. बातमी फुटली आणि जो तो एक नंबर मागायला आला. गेमवाले आले, ऑफिसचा कॉम्प्युटर आला, रेकॉर्डेड लेक्चर बघणारे आले, यांचा व्हिडिओ तर आधीच थोडा साठवलेला असतो, अर्ध्या सेकंदाने काय बिघडतंय? सगळ्यांना १ दिला तर इंटरव्ह्यूवाली पुन्हा ढिगामागेच. कुणालाच दिला नाही, दोन जण अजून बोलत नाहीत.

प्लॅन जुनाच आहे. तुमच्या लेखकाने मोठा प्लॅन सांगायच्या आधी वाचकांना एवढं तरी करून बघायला सांगावं, एकीकडे मोठी फाइल अपलोडला लावा आणि दुसरीकडे पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघा. आमचा १५ मिलिसेकंदांवरून ५०० च्या पुढे जायचा, आता ३० च्या आत असतो.

आपला,
एक नियमित वाचक