‘उतरले’ म्हणजे वजाबाकीच, असे नव्हे

मा. संपादक,

शाब्दिक उदाहरणांतून समीकरण मांडताना मुले बेरीज-वजाबाकीत चुकत नाहीत, मांडणीत चुकतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

पणजीहून मडगावला निघालेल्या बसमधून कुठ्ठाळीला ९ प्रवासी उतरले, चढले कोणीच नाही. आता बसमध्ये २७ जण आहेत. आधी किती होते? ‘उतरले’ हा शब्द दिसताच मुले २७ मधून ९ वजा करून १८ लिहून मोकळी होतात. ताळा घ्यायला लावा: १८ मधून ९ उतरले तर उरतील ९, पण उदाहरणात २७ आहेत. घडले त्याच क्रमाने लिहायचे: आधीचे प्रवासी क्ष, म्हणून क्ष − ९ = २७. आता दोन्ही बाजूंत ९ मिळवा, क्ष = ३६. शब्दातली वजाबाकी समीकरणात जाते. सोडवताना उलट क्रिया येते. ‘९ पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे पाठ करून घेण्याची घाई मात्र नको. दोन्ही बाजूंना तेच का करायचे, हे त्यात हरवते.

दुसरी चूक अक्षराची. १२ नारळांचे ४२० रुपये झाले, तर १२न = ४२०. इथे न म्हणजे नारळ नव्हे, एका नारळाची रुपयांतली किंमत. हे वाक्य वहीत आधी लिहून घ्यावे. मग दोन्ही बाजूंना १२ ने भागून न = ३५. नाहीतर बरीच मुले ४२० मधून १२ वजा करतात.

– एक गणित शिक्षक, फोंडा