खालच्या मजल्यावरच्या काकांना, जाहीर आभार

ती. काका,
सा. न.

नाव लिहायचं नाही अशी तंबी तुम्हीच दिलीत, म्हणून नुसतं काका. कर्वेनगरात आमच्या सोसायटीत राहणाऱ्यांना कळायचं ते कळेलच. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय पाण्याच्या टँकरवर नेता, तेव्हा लेखी दिलेलं बरं. दादाने आणि मी पानशेत रस्त्याला पेंटबॉलचं, म्हणजे हवेच्या बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाचं मैदान काढायचं ठरवलं, तेव्हा सल्ला द्यायला निम्मं पुणं पुढे आलं होतं. प्रश्न मात्र फक्त तुम्ही विचारलेत.

आधी कॉम्प्युटरचं. दुकानदार म्हणाला होता, "ताई, काळजी करू नका, सगळं टाकून देतो." त्या 'सगळ्या'त चोरीचं ऑफिस होतं, चोरीचं फोटोशॉप होतं आणि वर दोन अँटिव्हायरस. तुम्ही विचारलंत, "सोमवारी सकाळी मशीन चालू केल्यावर तू नक्की काय करणार आहेस?" बुकिंगचा तक्ता, पावत्या, खेळाडूंची सही घ्यायचं मराठी संमतिपत्र, अधूनमधून एखादं पोस्टर आणि दादाचे खेळाचे व्हिडिओ. एवढंच निघालं. मग यादीही तेवढीच: तक्त्यांना आणि पत्रांना लिबरऑफिस, व्हिडिओ बघायला व्हीएलसी, पोस्टरसाठी इंकस्केप, व्हिडिओ कापायला-जोडायला शॉटकट. एकालाही पैसे पडले नाहीत आणि एकही चोरीचं नाही. अँटिव्हायरस विंडोजमध्ये असतो तोच राहू द्यायचा. दोन-दोन घातले की ते एकमेकांवरच पहारा देत बसतात, हे तुमचं म्हणणं. दादाला व्हिडिओसाठी दा विंची रिझॉल्व्ह हवं होतं. ते चांगलं आहे, फुकटातली आवृत्तीही मिळते, पण त्याला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं आणि आमच्या मशीनला ते झेपलं नसतं. दादा दोन दिवस घुम्यासारखा होता. आता शॉटकटवर कापाकापी करत रात्री जागतो.

टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरून वाद झाला तोही तुम्हीच मिटवलात. सीएंना टॅली लागतं, म्हणून आम्हीही ते घ्यावं असा घरात सूर होता. तुम्ही म्हणालात, "टॅली त्यांच्याकडे आहे ना? मग तू महिनाअखेर तक्ता पाठव." फाइल सेव्ह करताना एक्सेलचा प्रकार निवडायचा, म्हणजे त्यांच्याकडे विनातक्रार उघडते. आमचा व्यवसाय अजून रांगतोय, तोवर एवढं पुरतं.

संमतिपत्राचं प्रकरण मात्र लांबलं. दादाच्या एका मित्राने जुना मजकूर दिला होता, कुठल्याशा टायपिंगवाल्याकडून करून घेतलेला. नव्या मशीनवर उघडला तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. मी फाइल बिघडली म्हणून टाकून द्यायला निघाले होते, तुम्ही चष्मा पुसत समजावलंत. जुन्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट मशीनवर नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, 'क'चा ०९१५, म्हणून ते कुठल्याही मशीनवर, फोनवरसुद्धा 'क'च दिसतं. आणि मग तुम्ही मला इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिकायला बसवलंत. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'के'च्या बटणावर क, शिफ्ट धरली की ख. सुरुवातीला बोटं अडखळतात, पण एकदा बसलं की बसलं. हे पत्रही तसंच टाइप केलंय.

खरी मजा बंदुकांची. दादाच्या ओळखीच्या एका मैदानवाल्याने दोन इलेक्ट्रॉनिक बंदुका बघायला दिल्या होत्या: एम्पायरची ॲक्स आणि प्लॅनेट एक्लिप्सची इथा २. शेजारी आमची टिपमन ९८, साधी, यांत्रिक. तुम्ही जन्मात पेंटबॉल पाहिला नव्हता. पण भोसरीत न्यूमॅटिक्सवर, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांवर नोकरी झालेल्या माणसासमोर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडमीट करणारा छोटा व्हॉल्व्ह ठेवल्यावर काय होतं ते मी पाहिलं. डायनिंग टेबलावर पेपर पसरला, ॲलन कीचा संच आला, काकूंना "जेवायला थांब" असा निरोप गेला.

घोडा दाबला की आत नुसता एक छोटा स्विच दबतो. तो आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळवतो, बोर्ड सोलेनॉइडला काही मिलिसेकंद करंट देतो, सोलेनॉइड चिमूटभर हवा सोडतं आणि त्या हवेवर बाकीचं सगळं हलतं. "अगं, पॅकिंग मशीनवर हेच. तिथं बिस्किटाचा पुडा ढकलायचा, इथं गोळी." घोडा इतका हलका का लागतो, ते मला तेव्हा समजलं: बोटाला स्प्रिंग ओढायचीच नसते. ॲक्समध्ये पॉपेट व्हॉल्व्ह, म्हणजे झाकण उघडून मिटणारा. इथामध्ये स्पूल, म्हणजे सरकता. पॉपेट सहसा हवा कमी खातो, पण आवाज आणि धक्का जास्त. स्पूल मऊ चालतो, हवा थोडी जास्त घेतो आणि त्याच्या रबरी रिंगांना वेळच्या वेळी ग्रीस लागतं. "तुमच्याकडे ग्रीस कोण लावणार?" ह्या प्रश्नावर दादा खिडकीबाहेर बघायला लागला.

मग 'डोळे'. गोळी जिथे येऊन बसते तिथे दोन बाजूंना इन्फ्रारेडची जोडी असते. हवेचं सिलिंडर काढून ठेवून तुम्ही चिमट्याने एक गोळी आत सोडलीत आणि मला दिव्याचा रंग बदलताना दाखवलात. गोळी पुरती बसल्याचं दिसल्याशिवाय बोर्ड हुकूमच सोडत नाही. नाहीतर बोल्ट, म्हणजे गोळी पुढे ढकलणारा दांडा, अर्धवट आलेली गोळी चिरडतो आणि आत रंगाचा चिखल. बंदुकीच्या डोक्यावर बसणारा, नुसत्या वजनावर गोळ्या सोडणारा साधा डबा ह्या बंदुकांच्या वेगाला पुरत नाही, त्यामुळे मोटारवाला डबाही घ्यावा लागतो, म्हणजे तो खर्च वेगळा. हे विकणाऱ्यांपैकी कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

गॅसवर तर तुमचं छोटं व्याख्यानच झालं. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो. तो द्रव आत शिरला की सीलं गारठतात आणि सोलेनॉइडची वाट लागते. टिपमनला तो चालतो, ह्या दोघींना नाही. शिवाय त्याचा दाब हवामानावर नाचतो. डिसेंबरच्या सकाळी पानशेतला गोळी पुढ्यातच पडायची, आणि एप्रिलात? ३१ अंशांच्या वर तो द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि आपलं पुणं उन्हाळ्यात चाळिशीला टेकतं. म्हणून दाबलेली हवा, ३००० पीएसआयचं सिलिंडर, त्यावर दाब आवरणारा रेग्युलेटर. ते टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरत नाही, उच्च दाबाचा वेगळा कॉम्प्रेसर लागतो. हा आकडा तुम्ही वहीत लाल पेनाने लिहिलात.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे जोरात मारणारी, ह्या समजुतीवर दादा शेवटपर्यंत ठाम होता. तुम्ही गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर तिन्ही बंदुका ठेवायला लावल्यात. मैदानांवर सेकंदाला ३०० फुटांची, म्हणजे साधारण ९१ मीटरची मर्यादा सर्रास पाळतात, आणि तिन्ही त्याच्या आतच लावायच्या असतात. गोळी तीच, ०.६८ इंचांची, तीनेक ग्रॅमची. लागते तेवढीच. फरक सेकंदाला किती सुटतात ह्याचा. आणि इथे तुम्ही पेन खाली ठेवून विचारलंत, "खेळायला कोण येणार?" हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलं, वाढदिवसाचे ग्रुप, कॉलेजवाले. तिकिटात शंभर गोळ्या. सेकंदाला दहाने सोडल्या तर दहा सेकंदांत खेळ आटोपला, उरलेला वेळ झाडाआड बसून व्हॉट्सॲप. वर आम्हालाच शिव्या.

तेव्हा भाड्याने द्यायला सगळ्या टिपमन, आणि सरावाला नेमाने येणाऱ्या मुलांसाठी दोन इथा २. ह्याच कंपनीची एमेक नावाची यांत्रिक बंदूक आहे, तिच्या आतली मुख्य रचना इथासारखीच. पुढेमागे वाढवायच्या झाल्या तर ती बघ, असंही तुम्ही सुचवलंत. वाचलेले पैसे डोळे सांभाळणाऱ्या मास्कांवर घाला म्हणालात, आणि घातले. हा मला तुमचा सगळ्यात मोलाचा सल्ला वाटतो, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं आणि म्हणूनच तो दुसऱ्या कुणाला सुचला नाही.

पावसाळ्याचंही तुमचंच खरं ठरलं. गोळीचं कवच जिलेटिनचं. दमट हवेत ती फुगते, मऊ पडते, नळीत अडकते. घट्ट झाकणाचे डबे आणलेत, उघडलेली पिशवी लगेच डब्यात जाते.

परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं: पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळ झाला. बारा जण, आणि हातात झाडांवर, गुरांवर खुणा करायच्या बंदुका. जिंकला त्याने म्हणे एकही गोळी झाडली नव्हती. हे ऐकून तुम्ही "हा माणूस हिशेबी" म्हणालात आणि पुन्हा टँकरवर गेलात.

दिवाळीनंतर मैदान सुरू होतंय. दुहेरी काचेचे मास्क आणलेत, त्यांवर सहसा वाफ धरत नाही आणि आत तुमचा चष्मा मावतो. दादाने त्याच मापाचा चष्मा घालून बघितलंय. रविवारी सकाळी आठला खाली गाडी लावतो. काकूही यायच्या म्हणताहेत, आणि त्यांना इथाच हवी आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची