शेतात मी नक्की काय शोधत असते

ती. आई-बाबा आणि आजी यांना साष्टांग नमस्कार. छोटीला खूप खूप प्रेम.

मी मजेत आहे. तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर चाललंय, पोळ्या घरीच करते, या महिन्यात नाईट ड्युट्या पण कमी लागल्यात. आई, तू फोनवर रडलीस ते मला अजून खुपतंय. फोटोत मी चिखलाचे बूट घालून, हातात खोरं घेऊन शेतात उभी दिसले आणि तुला वाटलं पोरगी नर्सची नोकरी सोडून तिकडे मजुरीला लागली. नोकरी पक्की आहे गं. सुट्टीच्या दिवशी मी इथे इंग्लंडमध्ये आमच्या घरमालक आजोबांबरोबर शेतात जाते, त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर आहे आणि आम्ही जुनी हरवलेली नाणी शोधतो. फोनवर सांगायला गेले तर आजी "गुप्तधन!" म्हणाली आणि फोन ठेवूनच दिला, म्हणून सगळं नीट लिहिते. छोटी, आजीला मोठ्याने वाचून दाखव.

आजी, आधी तुझं. गुप्तधन म्हणजे तुला नाग आठवतो, हंडा आठवतो, अमावस्या, लिंबू-नारळ आणि पायाळू माणूस आठवतो. यातलं इथे काहीच नाही. दिवसाढवळ्या, शेतकऱ्याची लेखी परवानगी खिशात ठेवून आणि थर्मासमध्ये चहा घेऊन आम्ही जातो. आणि सापडतं ते बहुतेक वेळा कुणी पुरलेलं नसतंच, हातातून नाहीतर कनवटीतून पडलेलं असतं. शिवाय जुन्या काळी गावातला उकिरडा खत म्हणून शेतात टाकायचे, त्यातून कुणाकुणाच्या घरातलं नाणं, बटण, सुई शेतात जायचं. नांगरट झाली की खालचं वर येतं, म्हणून त्याच शेतात पुढच्या वर्षी परत काहीतरी मिळतं. आता गहू कापून झालाय, पुढची पेरणी व्हायच्या आत शेतकरी आम्हाला फिरू देतो, एकदा पेरलं की बंद.

मशीन म्हणजे एक लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल कॉइल आणि कानाला हेडफोन. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवायची, उचलायची नाही. लोखंड असेल तर घोगरा आवाज येतो, चांदी किंवा तांबं असेल तर बारीक, वरचा, स्वच्छ आवाज येतो, स्क्रीनवर आकडा पण दिसतो. पण थंड पेयाच्या कॅनची कडी आणि सोन्याचं बारीक नाणं यांचा आकडा जवळजवळ सारखाच येऊ शकतो, त्यामुळे खणल्याशिवाय इलाज नाही. मग कड्याच निघतात, शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या निघतात, चॉकलेटची चांदी निघते. कचरा सगळा पिशवीत घालून घरी आणायचा आणि खड्डा बुजवून पायाने दाबून टाकायचा, हे आजोबा फार काटेकोरपणे करतात.

आणि मग एकदा मला अर्धं नाणं मिळालं. खरोखर अर्धं, पूर्ण गोल नाणं मधोमध कापलेलं. चांदीचं, नखाइतकं पातळ, पाऊण ग्रॅमसुद्धा वजन नाही, आणि पाठीमागे क्रॉसचा हात थेट कडेपर्यंत गेलेला. आजोबांनी सांगितलं की 1247 साली तिसऱ्या हेन्री राजाने नाण्यावरचा क्रॉस कडेपर्यंत वाढवला, कारण लोक नाण्याच्या कडा कातरून चांदी चोरायचे, आता कातरलं तर लगेच दिसायला लागलं. आणि तेव्हा सुट्टे पैसे नव्हते, म्हणून हे नाणं, म्हणजे पेनी, त्या क्रॉसच्या रेषेवर कापूनच अर्धी आणि पाव करायचे. पुढे 1279-80 ला वेगळी गोल छोटी नाणी आली तेव्हा हे कापणं थांबलं. म्हणजे माझ्या तळहातावर साडेसातशे वर्षांपूर्वीचे कुणाचे तरी सुट्टे पैसे होते. ज्याचे पडले तो माणूस तिथेच वाकून वाकून शोधत बसला असेल, अंधार पडल्यावर घरी गेला असेल, बायको काय म्हणाली असेल त्याला, हेच माझ्या डोक्यात दिवसभर चाललं होतं.

आता तुम्हाला अजिबात पटणार नाही अशी इथली एक पद्धत सांगते, मला पण पटायला वेळ लागला. लोक हे सापडलेलं स्वतःहून सरकारला नेऊन दाखवतात. सोन्यानाण्याचं सोड, तुटका बक्कल आणि गंजलेलं बटण पण दाखवतात! 1997 पासून इथे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना आहे, ब्रिटिश म्युझियमकडून चालते, भागाभागात तिचा अधिकारी असतो, तो वस्तू घेतो, वजन करतो, फोटो काढतो, कुठल्या शेतात मिळाली ते लिहितो आणि वस्तू परत देतो. असं करत करत 15 लाखांच्या वर वस्तूंची नोंद झालीय. माझ्या त्या अर्ध्या नाण्याची पण झाली. आणि खजिना असेल, म्हणजे 300 वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र वगैरे, तर 14 दिवसांत कळवावंच लागतं, 1996 चा कायदा आहे. कुणाला कळवायचं, तर कॉरोनरला! हा तोच अधिकारी जो संशयास्पद मृत्यूची चौकशी करतो. मी हॉस्पिटलमध्ये कॉरोनरचं नाव ऐकलं की एकच अर्थ घ्यायचे, तर आजोबा म्हणाले हे पद 1194 पासूनचं आहे, राजाच्या तिजोरीचं येणं बुडू नये म्हणून नेमलेलं, मृत्यूची चौकशी पण त्यातच आणि खजिना पण त्यातच. मग म्युझियमला वस्तू हवी असेल तर समिती किंमत ठरवते आणि ते पैसे सहसा निम्मे सापडवणाऱ्याला, निम्मे जमीनमालकाला. बाबा, तुम्ही तलाठी होता, तुम्हाला 1878 चा आपला कायदा माहीतच आहे, दहा रुपयांच्या वरचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं. पण आपल्याकडे कोण कळवतो? सोनाराकडे वितळून मोकळे होतात. इथे लोक कळवतात कारण मोबदला मिळणार याचा भरवसा आहे, मला तरी हेच कारण वाटतं.

आमच्या इथून फार लांब नाही, सफोक जिल्ह्यातच होक्सन नावाचं गाव आहे. 1992 मध्ये तिथल्या शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. एरिक लॉज नावाचा त्याचा मित्र निवृत्त झालेला, त्याच्याकडे डिटेक्टर होता, तो हातोडी शोधायला गेला आणि लागली रोमन सोन्याचांदीची नाणी, चमचे, दागिने. त्याने हावरटासारखं सगळं उकरलं नाही, थोडं निघाल्यावर थांबला आणि कळवलं, मग पुरातत्त्ववाल्यांनी येऊन व्यवस्थित खणलं. 14,865 नाणी निघाली. पाचव्या शतकातला साठा, म्हणजे बाबा, आपल्याकडे वाकाटकांचं राज्य होतं तेव्हाचा. साडेसतरा लाख पाउंड मिळाले त्याला आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडी पण सापडली, ती पण ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मी आजोबांना आपल्या चंद्रभागेचं सांगितलं, वारी झाली की वाळवंटात पोरं दोरीला लोहचुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी काढतात ते. त्यांना इतकं आवडलं की परत परत विचारत होते, मग मी सांगितलं की आपली आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत म्हणून चिकटतात, चांदी चिकटली नसती.

बाबा, व्हिसाला याने काहीही होत नाही. मी विचारून घेतलंय. क्लबची मेंबरशिप आहे, त्यात विमा येतो, संरक्षित जागेवर आम्ही पाऊल ठेवत नाही, रात्री तर कधीच जात नाही, रात्री जाणारे चोर असतात आणि त्यांना शिक्षा होते. आणि मशीनवर मी पैसे उडवले नाहीत, आजोबांचं जुनं मशीन वापरते. मामाला सांगा की मशीन पाठव म्हणून मेसेज करू नको, तिकडे किल्ल्यावर नाहीतर जुन्या टेकाडावर उकरायला गेला तर थेट पोलीस केस होईल.

आई, एकटी पडलीस म्हणून असलं काहीतरी करतेस असं तू म्हणालीस. मागच्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडायचा तेव्हा मी एकटीच होते हे खरं आहे, पण मी ते तेव्हा सांगितलं नाही कारण बाबांच्या मोतीबिंदूचं चाललं होतं. आता नाही तसं. घरमालकीण आजी शेतावरून आल्यावर गरम सूप देतात, मी त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधून देते, चांगली माणसं आहेत. ऑपरेशनला मामा होता हे बरंच झालं, तरी बाबा, मी तिथे असायला हवं होतं, ते मनातून जात नाही.

आता लग्नाचं. दसऱ्याला साखरपुड्याला मला येता येणार नाहीये, छोटी रुसू नकोस, रजा एकत्र साठवून डिसेंबरला तीन आठवडे घेतलीय, मंजूर झालीय, हळदीच्या आधीच पोचते. हॉलच्या ॲडव्हान्ससाठी दोन लाख या सोमवारी टाकते, घराचा हप्ता नेहमीसारखा 5 तारखेला जाईल, त्यात काही फरक पडणार नाही. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढायचं नाही, मी असताना काढायचं नाही. मोठीचं आधी का नाही असं आत्या विचारते तर तिला सांग की मोठीनेच छोटीचं करायला सांगितलं. पुण्याच्या त्या मुलाला मी नाही म्हणत नाहीये आई, फोटो पाठवते, पण त्या शेतातल्या फोटोतलाच पाठवीन, मला तो आवडतो. डिसेंबरला आले की भेटते त्याला, माझी नोकरी सोडायची नाही एवढं मात्र तुम्ही आधी त्यांना सांगून ठेवा.

तुमची,
मोठी

ता. क. छोटी, चुडा घ्यायला जाशील तेव्हा माझ्या पण हिरव्या बांगड्या घेऊन ठेव, माप तेच आहे. आणि हॉलवाल्याचा अकाउंट नंबर परत पाठव, मागचा मेसेज अर्धाच आलाय.