काकांचं नाव सापडलं

प्रिय मित्रा,

फोनवर तू म्हणालास, "एवढ्याशा पोरांना कसली युद्धस्मारकं दाखवतोस? कुठल्यातरी बागेत ने." तेव्हा मला काही सुचलं नाही. रविवारी आम्ही चौघं सकाळी निघून अंधार पडल्यावर घरी आलो. आता सांगण्यासारखं इतकं आहे की फोनवर मावणार नाही. आणि आधीच सांगतो, तू सोपवलेलं काम झालं. १९७१ ला गेलेल्या तुझ्या काकांचं नाव स्मारकावर सापडलं.

सुरुवात दिल्लीतल्या तीन मूर्ती हैफा चौकातून केली, कारण धाकट्याला घोडे आवडतात. तिथे घोडे नाहीत, भालाईत स्वारांचे तीन कांस्यपुतळे आहेत, हे कळल्यावर तो हिरमुसला. मग मी त्याला पहिल्या महायुद्धातली, आताच्या इस्रायलमधल्या हैफाची हकीकत सांगितली. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी मशीनगनसमोर घोडे घातले आणि गाव घेतलं. तिसरा पुतळा हैदराबादच्या स्वाराचा. धाकट्याने एकच विचारलं, "घोड्यांना लागलं का?" हो म्हणालो. पुढचा अर्धा तास तो गप्प होता. चार वर्षांच्या मुलाला याहून जास्त सांगायला हवं होतं असं मला वाटत नाही.

इंडिया गेटपाशी थोरलीची निराशा झाली. ती दुसरीत आहे, नुकतीच वाचायला लागली आहे आणि दिसेल ते वाचते. त्या कमानीवर १३,०००हून अधिक नावं कोरलेली आहेत असं मी घरूनच सांगून ठेवलं होतं. पण कमान ४२ मीटर उंच, आणि आपण दूर अडथळ्यांपलीकडे उभे. तिला एकही नाव लागेना. मग वर कोरलेली ठिकाणं मीच सांगितली : फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, पर्शिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली. ती म्हणाली, "इतक्या लांब कशाला गेले?" तुझ्या साताऱ्याची आठवण झाली. अपशिंग्यासारख्या एका गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. आताच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, उपासमारीनंतर एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी. हे सगळं सात वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? "त्यांना पाठवलं म्हणून गेले," एवढंच बोललो. तिला ते पटलं नाही. मलाही पटलेलं नाही.

आपण शाळेच्या सहलीत आलो होतो तेव्हा अमर जवान ज्योती याच कमानीखाली होती, आठवतं? उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण, आणि आपल्याला दम देऊन गप्प बसवणारे सर. १९७२ पासून तिथे तेवणारी ती ज्योत जानेवारी २०२२ मध्ये पलीकडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत मिळवली. बंदूक आणि शिरस्त्राणही आता तिकडेच आहे. कमानीखालची ती मोकळी जागा बघताना मला चुकल्यासारखं झालं. मुलांना अर्थातच काही नाही.

खरा दिवस गेला तो या नव्या स्मारकात. २०१९ ला उघडलेलं हे स्मारक जमिनीच्या पातळीखाली उतरत जातं, त्यामुळे दुरून काहीच भव्य दिसत नाही. एकात एक चार वर्तुळं आहेत. सगळ्यात बाहेर झाडांचं रक्षक चक्र, मग त्याग चक्र, वीरता चक्र, आणि मध्ये स्तंभ आणि ज्योत असलेलं अमर चक्र. त्याग चक्राच्या भिंतींची रचना चक्रव्यूहासारखी आहे असं मी बोलून गेलो. थोरलीला आजीने अभिमन्यू सांगितलेला. ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे हे सगळे आत गेले आणि बाहेर नाही आले?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्या भिंतींवर प्रत्येकाची ग्रॅनाइटची वेगळी पाटी आहे. सोनेरी अक्षरं, नाव, हुद्दा. उद्घाटनाच्या वेळीच पंचवीस हजारांवर नावं होती. आणि खालच्या पाट्या तिच्या डोळ्यांसमोर! इंडिया गेटवर हुकलेलं तिने इथे भरून काढलं. बोट फिरवत, अक्षर अक्षर लावत, मोठ्याने. मी दोनदा "हळू" म्हणालो, मग म्हणायचं सोडलं. ही नावं कुणीतरी मोठ्याने वाचावीत असंच मला वाटायला लागलं.

स्मारकातल्याच परम योद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळालेल्या एकवीस जणांचे अर्धपुतळे आहेत. तिथे धाकट्याने नवाच प्रश्न काढला. प्रत्येक पुतळ्यापाशी, "हे घरी आले?" एकवीसपैकी चौदा जणांना ते पदक मरणोत्तर मिळालंय, म्हणजे माझं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच. शेवटी आम्ही रामा राघोबा राणे यांच्यापाशी पोचलो. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर, गोळीबार चालू असताना सुरुंग काढत रणगाड्यांना रस्ता करून देणारे आपले कारवारकडचे राणे. "हे आले," मी म्हणालो, "म्हातारे होईपर्यंत जगले." त्याने टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मी त्याला थांबवलं नाही.

काकांसाठी तिथल्या एका जवानाला विचारलं. त्याने नाव, मराठा लाइट इन्फंट्री, १९७१ एवढं ऐकून घेतलं आणि थोड्या वेळात आम्हाला भिंतीपाशी नेऊन उभं केलं. नाव माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे. थोरलीला उचलून घेतलं, तिने वाचलं. मग धाकट्याने विचारलं, "हे घरी आले?" माझा आवाज फुटेना. त्या जवानानेच खाली बसून त्याला सांगितलं, हिंदीत, की हे आता इथेच असतात आणि आम्ही त्यांच्यासोबत राहतो.

सूर्य मावळायच्या आधी तिथे रोज एका शहीदाच्या घरातलं माणूस पुष्पचक्र वाहतं. त्या दिवशी एक वयस्क बाई होत्या. दोन जवान बाजूला चालत होते, तिच्या चालीने, अगदी सावकाश. बिगुल वाजला तेव्हा मुलं स्वतःहून उभी राहिली. अण्णांना एकदा आण, असं मी तुला सात-आठ वर्षं सांगतोय. ते "काय बघायचंय तिथं" म्हणून टाळतात हे मला ठाऊक आहे. भावाची पेटी अजून माळ्यावर न उघडता ठेवणाऱ्या माणसाला आग्रह करणंही बरोबर नाही. पण तिथे फार चढउतार नाही, चाकाची खुर्ची सहज जाते. थंडीत या. मी सोबत असेन, आणि त्यांना नको वाटलं तर बाहेरच्या झाडांत बसून परत फिरू.

फोटो काढला नाही. थोरलीने तिच्या वहीत नाव उतरवून घेतलंय, ते पान सोबत जोडतोय. स्पेलिंग मी पाटीशी दोनदा ताडून पाहिलंय. अण्णांना दे.

तुझाच
मित्र