नंदूची वही आणि आईच्या पाटल्या

प्रिय बाळ्या,

आपल्या धाकट्या नंदूचं तिसरं क्रेडिट कार्ड काल बंद झालं. बँकेचं तसं पत्र आलं. पत्र कसलं, मोबाईलवर दोन ओळी. नंदूने त्या मला पाठवल्या आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण कर्ज होतं हेच निम्म्या घराला माहीत नाही. बाहेरच्यांत माहीत असलेला एकटा तू, आणि तुझ्याशी शिमग्यापासून बोलणं नाही. म्हणून हे पत्र. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, कागदावर निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. आईचं बीपी गोळीवर. झालं.

आधी त्या भांडणाचं संपवतो. तू म्हणालास, "वसुलीवाले निम्म्यावर येतायत तर निम्मे त्यांच्या तोंडावर मार आणि मोकळा हो. एवढा साधा व्यवहार कळत नाही, म्हणून जन्मभर शाळेत कारकून राहिलास." कारकून राहिलो म्हणूनच कळतं, वकीलसाहेब. निम्म्यावर मिटवलं की सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात खातं 'सेटल्ड' म्हणून राहतं, आणि उद्या नंदू घरासाठी कर्ज मागायला गेला की मॅनेजर आधी तेच वाचतो. चाळिशी उलटली तरी तो डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत आहे, हे तू विसरलास. ज्याची ऐपतच संपली त्याने तसं मिटवावं, त्याला मी नावं ठेवणार नाही. आपली संपली नव्हती. आंब्याची कलमं होती, आईच्या हातात सोनं होतं. आणि खरं सांगू, कुणाचे निम्मे पैसे बुडवून गणपती आणायचा हे मला जमलं नसतं. हस आता.

एकूण आकडा तुला मी तेव्हा सांगितला नव्हता. 4,10,000. तीन कार्डांवर मिळून. माझ्या डोळ्यांसमोर आधी आलं ते दारू, जुगार, बाई. तसलं काही नाही रे. असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. निघालं काय, तर फ्रीज, पोराची शाळेची फी, त्याच्या बायकोच्या, मेघाच्या, भावाच्या लग्नातला आहेर, दोन मोबाईल, आणि दर चतुर्थीला मुंबईहून गाडी करून आणलेला तो सगळा बाजार, ज्याचं आपण वाडीभर कौतुक करायचो. एक कार्ड तर त्याने विमानतळावरच्या लाऊंजमध्ये फुकट बसायला मिळतं म्हणून घेतलं होतं. चिपीला विमान उतरतं तेही त्याने खालूनच पाहिलंय. वर्षाची फी मात्र नेमाने भरत होता.

मे महिन्यात तो दोन दिवस आला तेव्हा मी त्याला सगळी स्टेटमेंटं छापून आणायला लावली. पडवीत बसलो, मी लाल पेन घेतलं. वाशीच्या बाजारातून येणारी आंब्याची पट्टी वाचत आपण मोठे झालो. विक्री वर लिहिलेली, खाली हमाली, तोलाई, भाडं, कमिशन, हंगामाआधी घेतलेली उचल वजा, आणि शेवटी हातात काय ते. कडू असते, पण सगळं एका कागदावर असतं. ह्या स्टेटमेंटमध्ये सगळ्यात ठळक छापलेलं काय, तर 'किमान देय रक्कम'. मोठ्या कार्डावर 2,00,000 बाकी, किमान देय 10,000. नंदू दर महिन्याला दहा हजार भरायचा आणि त्याला वाटायचं आपण फेडतोय. मी मांडून दाखवलं. व्याज महिन्याला 3.6 टक्के, म्हणजे 7,200. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 1,296. झाले 8,496. दहा हजारांतले मुद्दलात गेले 1,504. वर्षाचा दर काढला तर त्रेचाळीस टक्क्यांच्या वर. आणि खरी मेख पुढे आहे. मागची बाकी पूर्ण भरली नाही की ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे सगळं बंद. त्यानंतर घेतलेल्या साध्या पावडरच्या डब्यालाही घेतल्या दिवसापासून व्याज. हे त्याला ठाऊकच नव्हतं. एम.कॉम. झालाय.

शेवटी शेवटी तर याची टोपी त्याला सुरू होतं. एका कार्डावर एटीएममधून रोख काढायची आणि दुसऱ्याचं किमान देय भरायचं. रोख काढली की वेगळी फी आणि व्याज त्याच दिवसापासून. मी बघत होतो आणि आतून आई विचारत होती, "फणसाची भाजी करू की घावणे?"

तू कायद्याचा माणूस म्हणून तुला एक विचारायचं होतं. 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 30 टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती ना? आणि डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय रद्द केला. मला पेपरात वाचून वाटलं होतं की आपल्याला काय त्याचं. यावर तू कोर्टाची बाजू घेणार हे मला माहीत आहे, तेव्हा उत्तर लिहू नकोस.

वसुलीच्या फोनांचं एकदा सांगितलं होतं ना तुला? नंदूने माझा नंबर देऊन ठेवला होता. मी आंबे काढायचा झेला घेऊन कलमावर, खाली खिशात फोन वाजतोय म्हणून गडी वर ओरडतोय. एकदा रात्री साडेनऊला एक पोरगा अरेतुरेवर आला. त्याला म्हटलं, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, आणि कर्ज माझं नाही. तुझं नाव, बँकेचं नाव आणि वेळ मी वहीत लिहून घेतोय. लगेच 'सर' म्हणाला. तुझ्याकडून शिकलेली ही एकच वकिली आजवर कामाला आली.

पैसे असे उभे केले. वाशीहून पट्टीचे आले त्यातले 1,60,000. नंदूने स्कूटर विकली, 60,000. उरले 1,90,000. मी पतपेढीत जायच्या तयारीत होतो. आईला काही सांगितलं नव्हतं, पण पडवीतलं बोलणं माजघरात ऐकू जातं हे अण्णा असल्यापासूनचं आहे. मी शर्ट घालत होतो, ती न्हाणीतून हाताला साबणाचा फेस लावून आली आणि चुलीजवळ बसून पाटल्या काढायला लागली. निघेनात. सांधे सुजलेत ना. एक निघाली, दुसरीसाठी खोबरेल लागलं. मनगटावर पाटल्यांच्या जागी कातडी अशी गोरी, तलम, लहान मुलीच्या हातासारखी. बाकीचा हात शेणामातीचा. पाटल्या फडक्यात गुंडाळून दिल्या आणि म्हणाली, "नंदूक काय बोलू नको." मग मी खळ्यात उतरल्यावर मागून, "चवतीक गावतल्यो मा?"

मी "बघूया" म्हटलं.

बँकेत सोनेतारणाला साडेनऊ टक्के पडले. वर्षाला, बाळ्या, महिन्याला नव्हे! भाव एवढा चढलाय की दोन पाटल्यांत काम झालं. नंदू महिन्याला 15,000 पाठवतो, जूनपासून. आता तूच हिशोब कर. चतुर्थीपर्यंत 45,000 होतात. पाटल्या चवतीक येत नाहीत.

आणि माझी झोप उडालीय ती इथे. कार्डांचं संपलं. शेवटच्या बँकेने ताणून बघितलं, फी माफ करतो, लिमिट वाढवतो, कार्ड तेवढं ठेवा. बाकी शून्य करून बंद करायचा अर्ज दिला की सात कामकाजी दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला, हा 2022 पासूनचा नियम नंदूने त्यांना लिहून पाठवला तेव्हा हलले. पण मेघाला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. स्कूटर? "इंजिन गेलं होतं म्हणून काढली." गाडी न करता तुतारी एक्सप्रेसची तिकिटं? "घाटात ट्रॅफिक असतं." ती चतुर्थीला येणार, पाया पडायला वाकणार, आणि आईचे दोन्ही हात तिच्या डोळ्यांसमोर. अण्णा गेल्यावर आईच्या अंगावर सोनं राहिलं ते तेवढंच. आजवर त्या पाटल्यांशिवाय तिला कुणी पाहिलेलं नाही. मेघा विचारणारच. आणि मेघाच्या आधी आपली तारी. तारीला तू ओळखतोस.

आई म्हणते लांब बाह्यांचा ब्लाउज शिवते. भाद्रपदात!

नंदू म्हणतो, "दादा, मी सांगेन, मला वेळ दे." हे तो मे महिन्यापासून म्हणतोय. माझी बायको म्हणते, तुम्ही दोघे भाऊ मिळून एका बाईला वेड्यात काढताय. मला ते पटतं, आणि तरी मी मेघाला फोन करून सांगणं हे मला धाकट्याच्या संसारात हात घातल्यासारखं वाटतं. दीर म्हणून तिच्याशी मी आजवर 'कधी निघालात, जेवलात का' यापलीकडे बोललेलो नाही. आता हे तुला का लिहितोय ते तुला कळलं असेल. सावंतवाडीच्या वेळी तू मला म्हणाला होतास, "विज्या, तू गप्प राहा, मी सांगेन." मी गप्प राहिलो. पुढे वहिनी माझ्याशी किती वर्षं बोलल्या नाहीत? तुझ्याशी पंधरा दिवसांत बोलायला लागल्या, माझ्याशी नाही. मला तेव्हाचा राग अजून आहे, तो राहू दे. पण एक मला नीट सांग. त्या वेळी मी गप्प राहिलो नसतो, सरळ वहिनींना सांगितलं असतं, तर तू मला माफ केलं असतंस का? वकिलासारखं उत्तर देऊ नकोस.

नंदूचं मात्र एक सांगायला हवं, तू त्याला फार घालूनपाडून बोलला होतास. सुधारतोय. युपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं त्याचं, म्हणजे वडापावच्या गाडीवर कोड स्कॅन केला तरी तो वडापाव उधारीवर. आता ते तोडलं. सोमवारी 2,500 रोख काढतो, ते आठवडाभर पुरवायचे. दहा मिनिटांत घरी माल आणून देणारी ॲपं काढून टाकली. 'नो कॉस्ट ईएमआय'चा फोन आला की आता प्रोसेसिंग फी आणि जीएसटी विचारतो. पाठ झालंय. आणि वही. रोजचा खर्च पेनाने लिहायचा आणि रविवारी पानाचा फोटो मला पाठवायचा. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय.

त्या वहीवरून आमचं भांडणही झालं. एका आठवड्यात रिक्षा 40, भाजी 115, पोराची वही 60, आणि खाली 'इतर 850'. मी फोन केला. म्हटलं, इतर म्हणजे काय? म्हणाला, इतर म्हणजे इतर. मी म्हटलं, चार लाख दहा हजारांचं नावही इतरच होतं. तो चिडला, मी फोन आपटला, हिने मला चहा दिला नाही. दोन दिवसांनी मेसेज. ऑफिसातला शिपाई रिटायर झाला, त्याची वर्गणी. मग वर्गणी लिही की, शहाण्या! कुणी मारलं असतं का? पण त्याला वाटलं, दादा म्हणेल, तुझ्याकडे नाही तर देतोस कशाला. आणि खरंच, मी म्हणालो असतो.

चतुर्थीचं यंदा मी ठरवून टाकलंय. मुंबईहून काही आणायचं नाही. मखर नाही, माळा नाहीत. गणपतीवरच्या माटवीला नारळ, कवंडळं, आंब्याचे टाळे, सगळं परसात आहे. भजनाला काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव, फरसाणाची पाकिटं बंद. मंडळी नाक मुरडतील. सगळ्यात आधी तुझा चुलता मुरडेल, त्याला मी दोन वाट्या जास्त उसळ देईन. नंदूने पाठवलेली यादी मी परत पाठवली, त्यातलं फक्त कापूर आणि अगरबत्ती ठेवलं. त्याचा जीव तुटतोय. चतुर्थीला मोकळ्या हाताने यायचं म्हणजे त्याला स्टँडवरून घरापर्यंत चालवणार नाही.

हो, आणि उधारीवरून आठवलं. कुणकेश्वरच्या जत्रेत फुगे फोडायला घेतलेले पस्तीस रुपये तू अजून देणं आहेस. 3.6 टक्क्यांनी काढले तर तुझं कोल्हापूरचं घर माझ्या नावावर होईल.

तुझं कसं काय? कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून तुझे भाव वाढले असं इथल्या कोर्टात ऐकतो, आपल्या सिंधुदुर्गातले पक्षकार तुला लुटायला दिलेत. सानिकाची ॲडमिशन झाली का? वहिनींना नमस्कार, त्या घेतील तर. शुगर सांभाळ, हे लिहायचं म्हणून लिहितो, तू ऐकणार नाहीस.

उत्तर लिहून पाठव, आणि नंदू निघायच्या आत पाठव. मेघाला सांगायचं तर गाडीत बसायच्या आधी सांगायला हवं, इथे आल्यावर माणसांच्या गर्दीत नको. तू 'सांग' म्हणालास तर मी सांगेन, आणि 'नको' म्हणालास तर का नको ते लिही. आणि चतुर्थीला स्वतः ये. येताना मोदकांना पाच किलो गूळ आण, चांगला बघून. पैसे रोख देईन. पस्तीस कापून.

तुझा,
विज्या